एकोणऐंशी म्हणजे किती?

नमस्कार श्रोतेहो.

घरात पाचवीतलं पोर असलं की जानेवारी महिना ओळखू येतो. टीव्हीचा आवाज बारीक झालेला असतो, पाहुण्यांना "परीक्षा होऊ द्या, मग या" असा निरोप गेलेला असतो, आणि भाकरी थापता थापता आई विचारत असते, "सतरा साती?" मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. निम्मी वर्षं राधानगरी तालुक्यात, निम्मी करवीरमध्ये. आता निवृत्त आहे, म्हणजे शाळा सुटली, पण पाचवी काही सुटली नाही. गेल्या वर्षी नातच पाचवीत होती.

तिचीच गोष्ट सांगते. शिष्यवृत्तीच्या सरावाचा पेपर सोडवून झाला होता. 'एकोणऐंशी ही संख्या अंकांत लिहा' असा साधा प्रश्न, आणि पोरीनं ८९ वर खूण केलेली. माझ्या तोंडावर आलं होतं, "अगं, दुसरीतलं येत न्हाई तुला?" कशीबशी गिळली जीभ आणि विचारलं, "कसं काढलंस गं?" ती म्हणाली, "आज्जी, ऐंशी म्हणलंय की. मग आठ पहिला. आणि एकोण म्हणल्यावर नऊ."

आता सांगा, यात चुकीचं काय बोलली ती? एकोण आलं की शेवटी नऊ येतो, हे तिला ठाऊक होतं. एकोण म्हणजे 'एक उणा', ऐंशीला एक कमी, एवढंच कुणी तिला सांगितलं नव्हतं. मी शिक्षिका, तिची आई पदवीधर, आणि पाच वर्षांत घरात हे कुणाला सुचलं नाही. दहा मिनिटं आम्ही दोघी एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस करत एकोणनव्वदपर्यंत गेलो. पुढं तिनंच विचारलं, "मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" मला उत्तर देता आलं नाही. चहा ठेवायला उठले.

मराठी संख्यानामं लहान पोरांना खरंच अवघड जातात. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो आणि लिहिताना चार. सेमी इंग्रजीच्या पोराला शाळेत 'फॉर्टी सेव्हन' ऐकायचं आणि घरी आज्ज्याकडून सत्तेचाळीस. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'चाळीस सात' अशा धर्तीची वाचनपद्धत आली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल तुम्हाला. त्या वादात मी पडत नाही. एवढंच सांगते की तुमचं पोर ४७ चे ७४ करत असेल तर ते मठ्ठ नाही. कानानं ऐकलं तसं हातानं लिहिलंय त्यानं.

बरं, आधी परीक्षा कुठल्या ते सांगते, कारण पालकांचा त्यातच घोळ असतो. पहिली शाळेची वार्षिक. २०२३ पासूनच्या नियमानं पाचवीला ती पास व्हावी लागते. राहिलं तर पुन्हा एक संधी मिळते, तीही हुकली तर वर्ग तोच. दुसरी नवोदय, म्हणजे नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळवायची; आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचं विद्यालय कागलला आहे. त्या परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न असतात आणि त्यातले निम्मे नुसत्या आकृत्यांचे. आणि तिसरी, जिच्यापायी कोल्हापुरात सगळ्यात जास्त झोपा उडतात, ती शिष्यवृत्ती. ती आधी चौथीला होती, २०१६-१७ पासून पाचवीला आली, आणि २०२५ मध्ये शासनानं ती परत चौथीकडं न्यायचं ठरवलं. त्यामुळं चौथीच्या पालकांनीही कान इकडं ठेवा.

शिष्यवृत्तीचे पेपर दोन. पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. गणित करून बघा, एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. पात्र व्हायला प्रत्येक पेपरात ४० टक्के लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून प्रश्न कोरा ठेवायचा नाही. हे पोराला शंभरदा सांगितलेलं असतं, तरी एकशे एकाव्यांदा सांगा.

आता माझं खरं म्हणणं. बाजारात सराव प्रश्नसंचांचे ढीग असतात. आईवडील चार आणतात, क्लासवाले दोन देतात, शेजारच्या ताई त्यांच्या पोराचा जुना देतात. पोर पेपरामागून पेपर सोडवतं आणि घरात एकच प्रश्न विचारला जातो, "किती पडले?" १५० पैकी ११२. मग "मागच्या वेळी ११८ होते, सहा कुठं गेले?" आणि दुसऱ्या दिवशी नवा पेपर. ते चुकलेले १९ प्रश्न मात्र तिथंच राहतात, पुढच्या पेपरात परत भेटायला.

आम्ही घरी काय केलं सांगते. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढं नातीनं स्वतःच पेन्सिलीनं एक अक्षर लिहायचं. येतच नव्हतं तर 'ये'. येत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही तर 'वा'. उत्तर बरोबर काढलं पण उत्तरपत्रिकेत गोल भलताच रंगवला तर 'गो'. पहिल्याच पेपरात १९ चुकांत 'ये' निघाले आठ. बाकीचे अकरा 'वा' आणि 'गो'. अकरा प्रश्न म्हणजे बावीस गुण, आणि त्यासाठी नवं काहीच शिकायचं नव्हतं. क्लासची फी भरून हे आठ आणि अकरा मला कुणी सांगितलं नसतं.

'वा' मध्ये सगळ्यात मोठा चोर म्हणजे 'नाही' हा शब्द. 'खालीलपैकी कोणता शब्द समानार्थी नाही?' पोर समानार्थी वाचतं आणि पहिला जमणारा पर्याय रंगवून पुढं पळतं. उपाय साधा आहे. प्रश्नपत्रिकेवर 'नाही', 'चुकीचा', 'वेगळा' असल्या शब्दांभोवती पेन्सिलीनं गोल काढायची सवय लावा. आणि 'गो' ची गंमत अशी की एक अवघड प्रश्न सोडला आणि त्याची ओळ मोकळी ठेवायची राहिली, तर तिथून खालची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकतात. माझ्या नातीचे एकदा ओळीनं तसे चुकले होते. उत्तरपत्रिकेत खोडताही येत नाही, बॉलपेनचं काम. दर पाच प्रश्नांनी बोट ठेवून क्रमांक जुळवायचा, एवढं हाताला वळण लागलं की पुरे. त्यासाठी कोऱ्या उत्तरपत्रिकांची झेरॉक्स काढून घरी रंगवायला द्या. नुसतं वहीत 'तीन' 'दोन' लिहून हे वळण लागत नाही.

राहिले 'ये'. तिथं मात्र शिकवावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं आपल्या घरात पडलेलं असतं. दूध संस्थेचं दर दहा दिवसांचं बिल येतं ना, ते पोराच्या हातात द्या. सकाळचं ४ लिटर ३०० मिलि, संध्याकाळचं ३ लिटर ८५० मिलि, किती झालं? माझ्या एका विद्यार्थ्यानं '७ लिटर ११५०' असं उत्तर लिहिलं होतं. त्याचे वडील शेजारीच उभे होते, रोज दोन वेळा दूध घालणारे. ते म्हणाले, "आरं, हजार मिलि झालं की त्यो लिटर झाला न्हवं!" फळ्यावर जे महिनाभर शिरलं नव्हतं ते तेवढ्यात शिरलं.

काही गोष्टी मात्र उलट्या असतात. दस्ता २४ कागदांचा आणि रीम ४८० ची, हे पुस्तकात. झेरॉक्सच्या दुकानात रीम मागितली तर ५०० कागद येतात. पोरानं तुम्हाला विचारलं तर "गप, पुस्तकात आहे तेच पाठ कर" म्हणू नका. दुकानात ५००, पेपरात ४८०, असं सरळ सांगा. पोरांना दोन्ही लक्षात राहतं.

मराठीच्या पेपरात आपल्या कोल्हापूरच्या मुलींची एक खास अडचण होते, ती बाहेरच्यांना कळायची नाही. आपल्याकडं पोरगीसुद्धा म्हणते, "आई, मी आलो", "मी जेवलो", "मी खेळाय जातो." घरात आज्जी तसंच बोलते, मीही बोलते. मग 'योग्य वाक्य ओळखा' मध्ये 'सुमन म्हणाली, मी शाळेत जातो' हे तिला अगदी बरोबर वाटतं. त्यावरून तिच्या बोलण्याला हसू नका, ते तिच्या आईचं, आज्जीचं बोलणं आहे. घरचं बोलणं हे आणि पेपरातलं ते, असं सांगा. माझ्या वर्गात पोरींनी याला नावच पाडलं होतं, 'पेपरातली मराठी'.

वेळाचं विचाराल तर रोज पाऊण तास, अर्धा तास सोडवायला आणि पंधरा मिनिटं चुका बघायला. रात्री दहानंतर शिकवलेलं पोराच्या डोक्यात राहत नाही, आपल्याच डोक्यात राहतं. आणि पालकांचा व्हॉट्सॲप गट दोन महिने आवाज बंद करून ठेवा. तिथं कुणाचा ना कुणाचा बाळ रोज १४६ गुण पाडत असतो.

एक कबुली देते. माझ्या मुलाच्या वेळी मी यातलं काही केलं नाही. तेव्हा चौथीची परीक्षा होती. वर्गातल्या चाळीस पोरांच्या चुका मी जिव्हाळ्यानं बघायचे आणि घरी आले की याच्या पाठीत धपाटा. "शिक्षिकेचा मुलगा असून?" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल! तो पात्र झाला, शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत मात्र आला नाही. त्या संध्याकाळी तो रंकाळ्यावर एकटा जाऊन बसला होता, साडेनऊ वर्षांचा. त्याचे वडील शोधून घेऊन आले. आज तो माझ्या नातीचा बाप आहे आणि तिचा पेपर तपासायला बसत नाही. मी कधी विचारलं नाही का ते.

या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत आलं नाही तर महिन्याला एक रुपया दंड होता. तो पालकाला होता, पोराला नव्हे. आज पेपरात दोन गुण गेले तर आपण दंड कुणाला करतो? पाचवीच्या शिष्यवृत्तीची रक्कम २०२३ मध्ये वाढून वर्षाला ५००० रुपये झाली, तीन वर्षं मिळते. चांगलीच आहे. पण त्याहून जास्त आपण प्रश्नसंच, क्लास आणि रिक्षात घालवलेले असतात, म्हणून पैशाचा हिशोब पोराला ऐकवू नका.

परीक्षेच्या दिवशी दोन पेपरांच्या मधे जेवणाची सुट्टी असते. ती वेळ फार वाईट. शाळेच्या फाटकाशी आया उभ्या, पोरं बाहेर आली की प्रश्नपत्रिका हिसकावून घ्यायची, "अठराव्याचं काय लिहिलंस?" पोराच्या हातातली चपाती हातातच राहते आणि दुसरा पेपर ते रडवेल्या तोंडानं लिहितं. पहिल्या पेपराची प्रश्नपत्रिका सरळ तुमच्या पिशवीत घाला आणि डबा उघडा. दही-भात बरा. उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत घरी मिळते, परीक्षा परिषदेची उत्तरसूचीही नंतर येते. तेव्हा बसा हवं तर ताळा करत.

आमची नात दुपारी साडेतीननंतर बाहेर आली. मी काहीच विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पायरीवर बसून तिनं बुटाची नाडी बांधली, पाणी प्यायली आणि तोंड फुगवून म्हणाली, "आज्जी, एकोणऐंशी आलाच न्हाई की! उगंच केला मी." मग आम्ही खासबागला भेळ खायला गेलो.

नमस्कार.