विनोदी नाटक वाचताना

श्रोतेहो, नमस्कार.

नाटक बघायचं असतं, वाचायचं नसतं, असं बरेच जण ठासून सांगतात. विनोदी नाटकाबद्दल तर हमखास. नट नाहीत, शेजारी हसणारं कुणी नाही, मग नुसत्या संवादांत काय राम? माझं मत जरा वेगळं आहे. चटपटीत संवादांचं नाटक कागदावर काही बाबतीत जास्तच हाती लागतं.

नाट्यगृहात एका वाक्याला हशा पिकला की पुढचं वाक्य त्यात बुडतं. कसलेला नट हशा ओसरेपर्यंत थांबतो, पण ऑस्कर वाइल्डच्या नाटकात तो थांबून थांबून किती थांबणार? तिथं ओळीला ओळ लागून विनोद येतो. वाचणारा मात्र मनसोक्त हसतो, मागे जातो, तीच ओळ पुन्हा वाचतो. पडदा पडायची घाई त्याला नसते.

वाइल्डचंच ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ घेऊ. १४ फेब्रुवारी १८९५ रोजी ते लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात प्रथम रंगमंचावर आलं. मूळ नाटक चार अंकी होतं, ते तीन अंकी करायला लावलं नट-निर्माता जॉर्ज अलेक्झांडरनं. मला वाटतं, बरंच झालं.

त्यात चहाचा एक प्रवेश आहे. ग्वेन्डोलेन आणि सेसिली या दोघींची समजूत अशी, की आपलं लग्न अर्नेस्ट नावाच्या एकाच माणसाशी ठरलंय. दोघी संतापलेल्या, पण नोकर समोर उभे, त्यामुळे बोलणं अगदी गोड. सेसिली विचारते, साखर? ग्वेन्डोलेन तोऱ्यात सांगते, नको, हल्ली साखरेची फॅशन राहिलेली नाही. मग कंसात रंगसूचना येते: सेसिली रागानं तिच्याकडे बघते, चिमटा उचलते आणि कपात साखरेचे चार खडे टाकते. पुढचा प्रश्न: केक की लोणी लावलेला पाव? उत्तर: पाव. पुन्हा कंस: सेसिली केकचा भलामोठा तुकडा कापून ठेवते. अख्खं भांडण त्या दोन कंसांत आहे! मागच्या रांगेतून चार खडे कोण मोजणार? पुस्तकात ते मोजून दिलेले असतात.

अर्थात कंसावरून नजर घसरली की घातही होतो. याच नाटकात जॅक नावाच्या गृहस्थानं एक भाऊ मनानंच रचलाय, अर्नेस्ट. त्या भावाला ‘मारून टाकायचं’ ठरवून तो काळे कपडे, काळे हातमोजे अशा कडक सुतकी वेशात घरी परततो. इकडे त्याचा मित्र अर्नेस्ट बनून आधीच घरात येऊन बसलाय. रंगमंचावर जॅक तोंड उघडायच्या आतच प्रेक्षक लोटपोट होतात. वाचणारा रंगसूचना गाळून थेट संवादावर गेला, तर एवढा मोठा विनोद त्याच्या हातून निसटतो. इथे नाटक बघणारा जिंकला, हे मान्य. म्हणून कंस आला की वेग कमी करायचा आणि माणूस डोळ्यांसमोर उभा करायचा.

बर्नार्ड शॉनं हे बरोबर ओळखलं होतं. १८९८ मध्ये त्यानं आपली नाटकं दोन खंडांत छापली, ती वाचकांना समोर ठेवूनच. रंगसूचना इतक्या ऐसपैस, की खोलीतलं फर्निचर, त्यावरून घरमालकाची ऐपत, आलेल्या माणसाचा स्वभाव, सगळं त्यात. कधी कधी अतीच होतं म्हणा. पण त्याच्या रंगसूचना चक्क स्वतंत्र विनोद करतात, आणि ते प्रेक्षकांना कधीच ऐकू येत नाहीत.

जमलं तर मोठ्यानं वाचा. चौघं जण असाल तर भूमिका वाटून घ्या, आणि नोकराची भूमिका कुणा नवशिक्याच्या गळ्यात मारू नका. ‘अर्नेस्ट’च्याच पहिल्या अंकात मावशीसाठी केलेली काकडीची सँडविचेस भाचा आल्गरनॉन एकटाच फस्त करतो. मावशी आल्यावर तो रिकामं ताट बघून चकित झाल्याचं सोंग आणतो. नोकर लेन शांतपणे सांगतो, बाजारात काकडी नव्हती, मी दोनदा जाऊन आलो. रंगमंचावर सगळ्यांचे डोळे मालकावर खिळलेले असतात. पुस्तकात मात्र नोकराचं वाक्य मालकाच्याच टायपात छापलेलं असतं. ते वाचताना चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही. बघा जमतंय का.