उंबरठ्यावरचे रडणे

पालकहो आणि अंगणवाडीताईंनो,

जूनच्या मध्याला बालवाडीच्या दाराशी जे दृश्य दिसते, मुख्यतः त्याबद्दलच मी आज बोलणार आहे. तीन वर्षांच्या मुलाने आईची ओढणी घट्ट धरलेली असते, ताई त्याची बोटे एकेक करून सोडवीत असतात आणि शेजारचे कोणी अनुभवी माणूस आईला खुणावत असते, "तुम्ही निघा हो, पाच मिनिटांत गप्प होईल." बहुतेक वेळा मूल गप्प होतेही. मात्र गप्प झालेले मूल शांत झालेच आहे, असे धरून चालण्यात आपली मोठी चूक होते.

ही चूक पूर्वी रुग्णालयांतही होत असे. लहान मुलांना भेटण्याची पालकांची वेळ तेव्हा फारच मोजकी असे. जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाने 1948 पासून लंडनमध्ये अशा मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. मूल आधी आक्रोश करते, मग खचून निपचित पडते आणि शेवटी आई आली तरी तिच्याकडे पाठ फिरवते, असा क्रम त्यांना दिसला. परिचारिका मात्र दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेतल्या मुलाला 'रुळले' म्हणत. ज्यांच्याबरोबर रॉबर्टसन काम करत, त्या जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञांनी 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, आईशी किंवा आईच्या जागी असलेल्या व्यक्तीशी उबदार आणि अखंड नाते असणे मुलाच्या मानसिक आरोग्यासाठी आवश्यक आहे, असे मांडले. बालवाडीचे दोन-तीन तास म्हणजे रुग्णालयातले दिवस नव्हेत, त्यामुळे कोणी घाबरून मुलाचे नाव काढून घेऊ नये. दाराशी रडणारे मूल हट्टी किंवा लाडावलेले आहे, हा समज मात्र सोडून द्यावा. त्याला आपले माणूस कोणते हे नीट कळते, म्हणून ते रडते.

आता निसटून जाण्याविषयी. "तो बघ कावळा" असे म्हणून मुलाचे लक्ष वळवायचे आणि मागच्या मागे पाय काढायचा, ही युक्ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मीही माझ्या थोरल्या मुलीवर ती केली आहे. मूल कावळा बघते, वळते, तो आई नाही. नजर हलली की आई नाहीशी होते, एवढेच ते त्या क्षणी शिकते. मग घरी ते न्हाणीघराच्या दाराशी बसून राहते, रात्री दचकून आईचा हात चाचपते, आणि आपण म्हणतो की शाळेत घातल्यापासून फार चिकट झाले आहे. त्यापेक्षा रडू आले तरी चालेल, पण सांगून निघावे. "दोन तासांनी येते" या वाक्याचा त्या वयात काही उपयोग नाही, कारण घड्याळ त्याच्या ओळखीचे नाही. "गोष्ट होईल, खाऊ खाऊन होईल, हात धुशील, की मी दारात" हे त्याला समजते. एका अंगणवाडीताईंनी गोष्ट, खाऊ, नळ आणि दार अशी चार चित्रे भिंतीवर मुलांच्या उंचीला लावली होती. एक मुलगी दर थोड्या वेळाने जाऊन त्यांतल्या दारावर बोट ठेवी आणि पुन्हा वाळूत खेळायला जाई.

मूल शाळेत येत नाही, तर शाळेने त्याच्याकडे जावे, हा विचार आपल्याच मातीतला आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळते म्हणून तिची शाळा बुडते, हे ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र ठेवणारी विकासवाडी उभी राहिली. तिच्याकडे शिक्षणाची सोय म्हणून पाहिले जाते, आणि ती तशी होतीच. पण धाकट्याच्या बाजूने पाहा: नव्या जागेत त्याची थोरली बहीण हाकेच्या अंतरावर आहे. 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव आहे. त्यातला अंगण हा शब्द आपण फार सहज विसरतो. हे अंगण खरे व्हायचे तर घरी वारली, पावरी यांसारखी आदिवासी बोली किंवा हिंदी ऐकणाऱ्या मुलाला निदान "पाणी", "शू" आणि "आई येईल" एवढे तरी त्याच्या बोलीत सांगणारे कोणी असावे.

घरचा भाग याहून अवघड आहे. शाळेत दोन तास शहाण्यासारखे वागलेले मूल घरी येताच चप्पल भिरकावते, वरणभातावरून आकांडतांडव करते. तिथे आवरून धरलेले सारे ते आपल्या हक्काच्या माणसापाशी मोकळे करत असते. त्या वेळी "आज काय शिकवलं?" असे विचारू नये. पाणी द्यावे, जवळ बसावे आणि "खूप दमलास ना, रागही आलाय" असे त्याच्या भावनेला नाव द्यावे. "मुलगा असून रडतोस?", "रडूबाई", "बाईंना सांगेन हं" ही वाक्ये घरातून हद्दपार करावीत. शेवटचे तर विशेषच, कारण ज्या बाईंच्या कुशीत त्याने उद्या शिरावे असे आपल्याला वाटते, त्यांनाच आपण बागुलबुवा करून ठेवतो.

शिक्षण हक्क कायदा, 2009 याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली, परंतु तो कायदा 6 ते 14 वयोगटासाठी आहे. तीन वर्षांच्या मुलाचे रक्षण रोजच्या व्यवहारात बरेचसे ताईंच्या समजुतीवर अवलंबून राहते. म्हणून महिना-दीड महिना उलटूनही रडणे ओसरत नसेल, झोप आणि भूक मोडली असेल, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. एखाद्या विशिष्ट माणसाचे नाव काढताच मूल आक्रसत असेल, तर आधी मुलावर विश्वास ठेवावा.

शेवटी एक साधी विनंती आहे. सुटायच्या वेळेआधी पाच मिनिटे दारात उभे राहा. बाकीची मुले एकेक करून निघून जातात तेव्हा उरलेल्या मुलासाठी उशिराची दहा मिनिटेही फार लांब असतात. उशीर होणारच असेल तर ताईंना फोन करा, आणि ताईंनो, "येतील गं" एवढ्यावर न थांबता "बस चुकली, पुढच्या बसने आई येते आहे" असे खरे कारण त्या मुलाला सांगा.