धरून ठेवणारीच कापली तर

(दृश्य: ठाणे, चरई. जुन्या चाळीतली खोली. हुकाला लोंबणारा बंद पंखा.)

२६ जानेवारी २००१, सकाळचे पावणेनऊ. बटण बंद, तरी पंखा झोके घेत होता. ओट्यावरच्या कळशीतलं पाणी काठाला लागून मागे फिरत होतं. शेजारचे काका गॅलरीतून ओरडले, "भूकंप! खाली चला!" आजी देव्हाऱ्यासमोरून हलली नाही. एवढंच म्हणाली, "धरणीकंप झाला गं."

कच्छमध्ये गावंच्या गावं पडली होती. आमच्यापर्यंत पोचली ती नुसती थरथर.

काकांचा शब्द वेगळा, आजीचा वेगळा. 'कंप' मात्र दोघांचा एकच. संस्कृत 'कम्प्' म्हणजे थरथरणं. थंडीने आपण कापतो, भीतीने कापरं भरतं, ते याच घरातलं. विळीवर भाजी कापतो ते कापणं निराळं.

'भू' धातू म्हणजे होणं, असणं. ज्यावर सगळं आहे, ती भू. 'धरणी' आली 'धृ' धातूवरून. धरून ठेवणारी. मला आजीचा शब्द जास्त धडकी भरवणारा वाटतो: जिने धरायचं, तीच कापतेय.

(दृश्य: कोयना धरण.)

याच 'धृ'चं दुसरं लेकरू म्हणजे धरण. पाणी धरून ठेवतं ते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं, आणि त्या भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञांनी धरणामागे साठलेल्या पाण्याशी जोडला. धरणी आणि धरण, एकाच कुळातले दोन शब्द त्या पहाटे असे समोरासमोर आले.

गुजराती माणूस 'धरतीकंप' म्हणतो. हिंदीतल्या 'भूचाल'मध्ये भुई चालायलाच लागते. अरबीतून आलेला 'जलजला' तर उच्चारतानाच हलतो, आपल्या 'लटलट'सारखा. राजकारणातले भूकंप चॅनेलवाल्यांकडे रोजच होतात, ते सोडून देऊ.

(दृश्य: डहाणू तालुका. घराबाहेर टाकलेली खाट.)

डहाणू-तलासरी २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. नोव्हेंबर २०१८ पासून तिथे धक्क्यामागून धक्के बसू लागले. बातमीत शब्द यायचा 'सौम्य'. तो रिश्टरच्या आकड्यापुरता खरा. भिंतीला तडा गेलेल्या घरातली माणसं थंडीच्या दिवसांत लेकरांना घेऊन अंगणात झोपत होती, आणि कापत होती ती नुसत्या थंडीने नव्हे.