उसातलं पिल्लू आणि दिल्लीची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मला हमखास विचारणा होते, मुलांना कोणता सिनेमा दाखवू? माझं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं आहे. 'दिल्ली सफारी' दाखवा. निखिल अडवाणींनी दिग्दर्शित केलेला, 2012 च्या ऑक्टोबरात आलेला हिंदी अ‍ॅनिमेशनपट. केला आपल्या पुण्यात, क्रेयॉन पिक्चर्सनं. त्या सालचा सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

गोष्ट थोडक्यात सांगते. बोरिवलीचं जंगल तोडून इमारती उभ्या करायच्या असतात. बुलडोझर येतात. सुलतान नावाचा बिबट्या मारला जातो. मग त्याचं पिल्लू युवी, युवीची आई बेगम, बजरंगी माकड आणि बग्गा अस्वल दिल्लीला निघतात, संसदेसमोर गाऱ्हाणं मांडायला. माणसांशी बोलणार कोण? तर अ‍ॅलेक्स नावाचा पोपट. त्याला माणसांची भाषा येते, म्हणून त्याला सोबत नेतात, आणि तेही त्याच्या मर्जीविरुद्ध.

बेगमला आवाज दिलाय उर्मिला मातोंडकर यांनी. पुढे 2014 मध्ये त्यांनीच 'आजोबा' या मराठी चित्रपटात बिबट्याचा माग काढणाऱ्या संशोधिकेची भूमिका केली. तो आजोबा खराखुरा होता. 2009 मध्ये गळ्यात कॉलर घालून माळशेजला सोडलेला बिबट्या, शंभर किलोमीटरहून जास्त चालत मुंबईच्या त्याच जंगलापर्यंत आला. एक बोलल्याशिवाय राहवत नाही. पुण्यात तयार झालेला, मुंबईच्या जंगलावरचा सिनेमा, आणि तो मूळ मराठीत असू नये, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या मुलांना आपल्या भाषेत बोलणारा बिबट्या कधी मिळणार? असो.

आता मला जे सांगायचंय ते सांगते.

काही वर्षांपूर्वी माझी एक मैत्रीण जुन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती. तिचा निरोप आला, शाळेत सिनेमा दाखवू या, तुझा प्रोजेक्टर घेऊन ये. महिना फेब्रुवारीचा. ऊसतोड जोरात. कुकडीच्या पाण्यावर तिकडे जिकडे तिकडे ऊस, आणि शाळेच्या पलीकडच्या माळावर तोडकऱ्यांच्या कोप्या पडलेल्या. टोळी बीडकडची होती. टोळीतली पोरंही शाळेत यायची, कधी यायची, कधी धाकट्या भावंडांना सांभाळत कोपीवरच राहायची. मैत्रिणीनं त्यांच्या आयांनाही बोलावलं होतं. दिवसभर फडात मोळ्या बांधून दमलेल्या बायका अंगणात मागच्या बाजूला येऊन टेकल्या, मांडीवर लेकरं घेऊन.

शाळेच्या पांढऱ्या भिंतीवर सिनेमा सुरू झाला. आणि हे मी कुठेही सांगेन, सिनेमा मोठ्या भिंतीवर, चारजणांत बसूनच बघावा. हातातल्या मोबाइलवर एकट्या पोरानं बघितलेला सिनेमा त्याच्या एकट्याकडेच राहतो. तर सुरुवातीला युवी बापाबरोबर खेळतो. पुढच्या रांगेतला गावातला एक मुलगा, तिसरीतला असेल, मोठ्यानं म्हणाला, "बाई, हे चुकलंय. पिल्लापाशी बाप नसतो. आईच असते."

सगळी पोरं हो हो करायला लागली. आणि खरंच आहे ते. नर बिबट्या पिल्लं वाढवत नाही, आई एकटीच वाढवते. शहरातल्या शंभर मुलांना मी हा सिनेमा दाखवला असेल, एकालाही हे खटकलं नव्हतं. इथे तिसरीतल्या पोराला माहीत होतं, कारण त्याच्या चुलत्याच्या उसात दरवर्षी बिबटीण वीत होती.

सिनेमा पुढे सरकला. युवी संकटात सापडतो, आईपासून तुटतो की काय असं वाटायला लागतं. अंगण गप्प झालं. तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला.

"त्याला हलवू नका म्हणावं. आई येते."

मी वळून बघितलं. तिशीची असेल. मांडीवर दीड वर्षाचं पोर झोपलेलं. मी जवळ जाऊन बसले, विचारलं, "तुम्ही पाहिलंय का ताई?"

ती म्हणाली, "पंधरवडा झाला. ऊस तोडता तोडता पाचटात तीन पिल्लं सापडली. मांजरावानी. डोळेबी नीट उघडले नव्हते. मुकादम म्हणला, हात लावू नका, कोयते खाली ठेवा. फॉरेस्टवाले आले. सगळा फड बंद ठेवला त्यांनी. पिल्लं तपासली आन संध्याकाळी त्याच जागी क्रेटमधी ठेवली. कॅमेरा लावला. रात्रीची आई आली. एकेक करून तिन्ही तोंडात धरून घेऊन गेली. सकाळी त्या सायबानं मोबाइलवर दाखवलं आम्हाला."

मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"लय वाटली," ती म्हणाली. "अजून वाटती. आमची लेकरं उघड्यावर निजतात. गेल्या साली पलीकडच्या गावात पोर नेलं." थोडा वेळ ती भिंतीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पर तिचं बी तसंच हाय ना ताई. मीबी हे लेकरू बांधाला ठेवून तोडायला जाते. तीबी ठेवूनच गेली व्हती. टाकून नव्हती गेली."

श्रोतेहो, मी पर्यावरणावर पुष्कळ भाषणं ऐकली, काही केलीही. ठेवून जाणं आणि टाकून जाणं यातला फरक मला त्या अंगणात त्या बाईनं समजावला.

सिनेमा पुरा झाला नाही. साडेसात वाजले, अंधार दाटला, आणि मैत्रिणीनं प्रोजेक्टर बंद करायला सांगितला. तिकडे ही वेळ बिबट्याची. पोरं हिरमुसली, पण कुणी हट्ट केला नाही. गावातली दहाबारा माणसं बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन आली, पोरांना मध्ये घेतलं आणि सगळे मोठमोठ्यानं बोलत कोप्यांकडे निघाले. मुद्दाम मोठ्यानं, कारण आवाज असला की बिबट्या वाटेतून बाजूला होतो. त्या बाईनं जाता जाता मला विचारलं, "पोचत्यात का ती दिल्लीला?" मी म्हटलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी पहाटेच टोळी दुसऱ्या फडावर हलली होती.

आता नीट ऐका, कारण हे उपयोगाचं आहे. उसात, पाचटात बिबट्याचं पिल्लू दिसलं तर हात लावायचा नाही. उचलून घरी आणायचं नाही, फोटोसाठी मांडीवर घ्यायचं नाही. आई शिकारीला गेलेली असते, जवळपास असते, आणि पिल्लू जागेवर दिसलं नाही की ती बिथरते, मग माणसाला धोका वाढतो. तोडणी थांबवा, मागे या, वनखात्याला कळवा. वनखात्याचा टोल फ्री क्रमांक 1926. पुन्हा सांगते, एकोणीस सव्वीस. पिल्लाला हात लावायचा नाही.

बिबट्या उसात का आला, हे तुम्हाला माहीतच आहे. धरणांचं पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला. वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा ऊस म्हणजे बिबट्याला दाट रान, आणि आसपास कुत्री, शेळ्या, डुकरं. त्या उसात जन्मलेल्या पिल्लाला जंगल म्हणजे ऊसच. 'दिल्ली सफारी'त जंगल एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, इतकं सरळ आहे. ते मुलांच्या सिनेमाला चालतं. पण सिनेमा संपल्यावर आपण मुलांशी बोलायला हवं, नाहीतर पोरांना वाटतं की प्राणी फक्त बोरिवलीला असतात.

आणि बोरिवलीचंही सांगायचं तर, सुमारे 104 चौरस किलोमीटरचं ते राष्ट्रीय उद्यान, त्यात विहार आणि तुळशी हे तलाव, ज्यांचं पाणी मुंबई पिते. त्याला लागून आरे. 2019 मध्ये 4 ऑक्टोबरच्या रात्री आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी दिल्लीला सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयाला सुट्टी होती, तरी 7 तारखेला खास सुनावणी झाली आणि तोड थांबवण्याचा आदेश निघाला. तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. सिनेमा सात वर्षं आधीचा. मला ती बातमी वाचताना युवीच आठवला.

या सुट्टीत पांढरी चादर बांधा, शेजारची चार मुलं गोळा करा आणि हा सिनेमा दाखवा. मध्येच कुणी काही बोललं तर थांबवा आणि ऐकून घ्या.

आणि बीडकडच्या त्या ताई, तुम्ही कुठल्या फडावर, कुठल्या कोपीत रेडिओ ऐकत असाल तर तुमचं उत्तर माझ्याकडे राहून गेलंय. पोचतात ती दिल्लीला. पिल्लू, त्याची आई, सगळी पोचतात. आणि तिथं त्यांचं ऐकून घेतात.

नमस्कार.