घुमट आमच्याही हातात द्या

नमस्कार श्रोतेहो. मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याची, आठवीत शिकते. ‘परंपरा जपण्यात मुलांचा वाटा’ असा भारदस्त विषय मला मिळाला आहे. परंपरा आता तुम्हीच सांभाळायच्या, असं मोठी माणसं भाषणांत नेहमी सांगतात. पण त्या परंपरांना आम्हांला हात कधी लावू देणार?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आमच्याकडे माळ्यावरचं घुमट, आरतीला वाजवायचं वाद्य, खाली उतरतं. मातीचं भांडं. रुंद तोंडावर चामडं ताणलेलं, मागचं लहान तोंड उघडं. एका हाताच्या बोटांनी चामड्यावर वाजवायचं आणि दुसऱ्या तळव्याने मागचं तोंड झाकायचं, सोडायचं. घुमारा येतो तो या दुसऱ्या हाताने. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, आता बकऱ्याचं लावतात. पावसाळी हवेत ते सैल पडतं, मग आरतीआधी धगीवर शेकायचं. आजोबा म्हणतात, पूर्वीचा नाद राहिला नाही. नसेना! घोरपड तरी आमच्या काजूबागेत जिवंत फिरतेय.

कातडं बदललेलं चालतं, मग वाजवणारी मुलगी का चालत नाही? गोव्यात बायकांची घुमट आरती पथकं आहेत, स्पर्धा गाजवतात. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. आमच्या घरी मात्र माझ्या हातात अजून कासाळंच, म्हणजे झांजा. कासाळं वाजवणं सोपं नाही हं, ताल चुकला तर सगळे माझ्याकडेच बघतात.

किनाऱ्यावर बरं असतं. पावसाळा सरला की रापण लागते. होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं टाकते आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून ओढायला माणसं कमीच पडतात. तिथे मुलगा की मुलगी, कोणी विचारत नाही. पाय रोवून, मागे रेलून दोर कसा ओढायचा, हे मी पुढच्या काकांच्या टाचा बघून शिकले. जाळं वर आलं की ओढणाऱ्या पोरांच्या पिशवीतही ओंजळभर तारले मासे पडतात. घरी येईपर्यंत खवले कोपरापर्यंत चिकटलेले असतात, आई आधी न्हाणीत पाठवते.

यंदा आजोबा थोडे विरघळलेत. सगळ्या आरत्या न बघता म्हणून दाखव, मग घुमट देतो, म्हणाले. शेवटची लांबलचक आरती अजून मध्येच अडते. पण त्यांचा शब्द आता रेडिओवर सांगून ठेवलाय, तुम्ही सगळे साक्षीला आहात.