नरक्याचं लाकूड आणि पंचायतीचा दाखला

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात नरक्या नावाचं लहानसं झाड वाढतं. फुलांना इतका घाण वास, की माणूस नाक दाबूनच पुढे सरकतो. १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांना या झाडात कॅम्प्टोथेसिन हे रसायन सापडलं. त्यापासून टोपोटेकान, इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं बनतात. त्यामुळे मागणी परदेशात आणि कुऱ्हाड सह्याद्रीत.

औषध हवंच. घरात कॅन्सरचा रुग्ण असलेल्या कुणालाही विचारा. माझं भांडण तोडीच्या पद्धतीशी आहे. बुंधा राखून कापलं तर झाड पुन्हा फुटतं. चोरटी तोड करणारा मात्र मुळासकट उपटतो, कारण मुळातही माल असतो. ढलप्या पोत्यात भरल्या, की लाकूड कुठल्या डोंगरावरचं हे कोण सांगणार?

जागतिक व्यापाराचे नियम जंगल वाचवू देत नाहीत, असं म्हणतात. तसं नाही. गॅट या जागतिक व्यापार कराराच्या २० व्या कलमात, संपून जाणारी नैसर्गिक संपत्ती राखण्यासाठी व्यापारावर बंधन घालायची मुभा आहे. अट अशी, की देशातही बंधन हवं. कासवं न वाचवता पकडलेल्या कोळंबीच्या आयातीवर अमेरिकेनं बंदी घातली होती; त्यावरच्या १९९८ च्या कोळंबी-कासव खटल्यात भारत अमेरिकेविरुद्धच्या तक्रारदारांत होता. अमेरिकेची बंदी देशादेशांत भेदभाव करते म्हणून चुकीची ठरली, पण जिवंत प्राणीही अशा संपत्तीत मोडतात हे मान्य झालं.

देशातलं बंधन २००२ च्या जैवविविधता कायद्यात आहे. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि व्यापारासाठी वनस्पती नेणाऱ्याकडून ती शुल्क घेऊ शकते. २०२३ च्या दुरुस्तीनं लागवडीच्या औषधी वनस्पतींना लाभवाटपातून, म्हणजे नफ्यातला वाटा स्थानिकांना देण्यातून, सूट दिली, ती समितीच्या दाखल्यावर. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे चांगलंच. पण रानातला नरक्या शेतातला म्हणून खपवायची वाटही इथूनच जाते. म्हणून सही करण्याआधी समितीनं बांधावर जावं, झाडं मोजावीत. शुल्काच्या पैशातून नरक्याची रोपं तयार करावीत.

याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, देगावजवळ म्हादई. पाऊस असा लहरी झालेला असताना, पाणी मुरवून धरणारं हे रान पोत्यांतून निघून गेलं तर खालच्या गावांनी काय करायचं?

पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा: आपल्या समितीत कोण कोण आहे? जैवविविधतेची नोंदवही कुठं ठेवलीय? तिच्यात नरक्या आहे का? नोंदवही कानडीत असेल, तर आजी-आजोबांना माहीत असलेली झाडांची मराठी नावंही शेजारी लिहून घ्या.

नमस्कार.