क्लिनिकल ट्रायल: सही करायच्या आधी कागद घरी न्या

नमस्कार मंडळी. स्तनाच्या कर्करोगावरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय. "डॉक्टर म्हणतात, आईला ट्रायलमध्ये घेऊ या. घेऊ द्यावं का?" एका ताईंनी तर लिहिलंय, "उद्या सकाळी सही करायची आहे, आज रात्रीच सांगा." मी काही वर्षं ट्रायलची कोऑर्डिनेटर म्हणून काम केलंय, पेशंटला कागद समजावून सांगणं हेच माझं काम होतं. त्यामुळे आज सविस्तर बोलू.

आधी भराभर मूळ गोष्टी. क्लिनिकल ट्रायल म्हणजे नवीन औषध किंवा उपचार माणसांवर तपासून बघणं, आणि ते टप्प्याटप्प्याने होतं. पहिल्या टप्प्यात मोजक्या माणसांवर औषध सुरक्षित आहे का, डोस किती, ते बघतात. दुसऱ्यात आजारावर गुण येतो का. तिसऱ्यात बऱ्याच जास्त रुग्णांवर, चालू उपचाराशी तुलना. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यावर. तुलना असेल तर रुग्णांचे गट पडतात, आणि तुम्ही कुठल्या गटात जाणार ते डॉक्टर निवडत नाहीत. ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, हल्ली कॉम्प्युटरवर. म्हणजे ओळख लावून "आम्हाला नवीन औषधाच्या गटात टाका" होत नाही.

आता "आमच्यावर प्रयोग करतात" या कमेंट्स. ही भीती हवेतून आलेली नाही. स्वास्थ्य अधिकार मंच ही आरोग्याच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली, कारण लोकांना नीट न सांगता ट्रायलमध्ये घेतल्याच्या तक्रारी होत्या. २०१३ मध्ये न्यायालयाने संमतीचं रेकॉर्डिंग करायला सांगितलं. आज नवीन रेणूच्या, म्हणजे पूर्णपणे नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या रुग्णाची संमती घेताना कॅमेरा लावतात तो त्यातूनच आलेला आहे. कॅमेरा बघून बिचकू नका, तो तुमच्या बाजूने आहे.

पण दुसरी बाजूही ऐका. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने एक ट्रायल झाली. स्तनाची गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करतात ते, अगदी स्वस्त औषध. दीड हजारांहून जास्त बायका सहभागी झाल्या. २०२३ मध्ये निकाल छापून आला: पाच वर्षांनी इंजेक्शनच्या गटात ९०.१ टक्के बायका हयात होत्या, दुसऱ्या गटात ८६.४. आणि दुसऱ्या गटाला वाऱ्यावर सोडलं नव्हतं, त्यांचीही ऑपरेशनं आणि पुढचे उपचार नेहमीसारखेच झाले. एवढं स्वस्त औषध कुठली कंपनी स्वतःहून तपासायला घेईल? त्या बायका तयार झाल्या म्हणून आपल्याला हे कळलं. सगळ्या ट्रायलचा शेवट असा होत नाही. बरीच औषधं फोल ठरतात, काहींचे दुष्परिणाम निघतात. म्हणूनच मी "घ्या" किंवा "घेऊ नका" असं सांगणार नाही.

मी एकच सांगणार आहे. ट्रायलचं माहितीपत्रक आणि सहीचं संमतीपत्र, हा कागद घरी न्या. त्याच खुर्चीवर बसून सही करू नका.

सही का करता विचारलं की लोक म्हणतात, "डॉक्टर देवमाणूस आहेत." असतील, माझा त्यांच्यावर राग नाही. पण फ्लॅटचा करार आपण चार जणांना दाखवतो, मग हा का नाही? माहितीपत्रक पंधरा-वीस पानांचं असतं. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेतच मिळायला हवं, मराठी हवं असेल तर मराठी मागा. पानाच्या तळाशी आवृत्ती आणि तारीख असते, ती सगळ्या पानांवर सारखी आहे ना बघा. तपासण्या किती, रक्त किती वेळा, ट्रायलबाहेर दुसरा कोणता उपचार आहे, ते वाचा. "दुसरा कोणता उपचार" हे पान लोक हमखास सोडतात. शेवटच्या पानावर वार्षिक उत्पन्नाचा रकाना असतो, तो बघून माणसं घाबरतात, रेशनकार्ड जाईल म्हणतात. तसं काही नाही. त्याच पानावर वारसाचं नाव असतं. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कोणाला द्यायची, त्यासाठी. तो रकाना रिकामा ठेवून सही करू नका.

आता हीच गोष्ट घरच्यांच्या बाजूने. माझ्यासमोर एक मुलगा बसला होता, हातात पेन तयार. म्हणाला, "मॅडम, बाबांना कॅन्सर आहे हे सांगितलेलं नाही, मी करतो सही." बाबा बाहेर बाकावर पेपर वाचत बसले होते. मी पेन खाली ठेवायला सांगितलं. शुद्धीत असलेल्या, विचार करू शकणाऱ्या प्रौढ माणसाच्या वतीने मुलगा, सून, नवरा कोणीही सही करू शकत नाही. आई-वडिलांपासून आजार लपवायचा आणि ट्रायलमध्येही घालायचं, हे जमणार नाही. आधी घरी बोला. कागद घरी नेला की हे बोलणं आपोआप निघतं, कारण वाचणारा विचारतोच. लिहिता-वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, आणि तो फक्त सहीपुरता नको, वाचून दाखवतात तेव्हा तिथे बसलेला हवा.

आणि सही झाल्यावरही तेच: कागद घरी. भरलेल्या, सह्या झालेल्या संमतीपत्राची प्रत तुम्हाला देणं बंधनकारक आहे. कमेंट्समध्ये "फाइलमध्ये असेल" वाचलं की माझा जीव तुटतो. हॉस्पिटलच्या फाइलमध्ये आहे, रात्री दोन वाजता तुमच्या हातात काय आहे? अंगावर पुरळ उठलं, श्वास लागला, जवळच्या कॅज्युअल्टीत गेलात. तिथल्या डॉक्टरला कसं कळणार पोटात कुठलं औषध आहे? प्रतीवर मुख्य डॉक्टरांचा फोन असतो. ट्रायलसाठीच्या २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे गंभीर त्रास झाला तर डॉक्टरांनी २४ तासांत औषध नियंत्रकांना कळवायचं असतं. इजा झाली तर उपचार मोफत, आणि ती ट्रायलमुळे झाली असेल तर भरपाई. पण फोन तुम्ही करायचा आहे, नंबर त्या कागदावर आहे. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

खरी ट्रायल ओळखायची कशी, हेही विचारलंय. सीटीआरआय नावाची ट्रायलची सरकारी नोंदवही आहे, वेबसाइट फुकट बघता येते. डॉक्टरांकडून नोंदणी क्रमांक घ्या आणि तिथे टाका. आणि ट्रायलचं औषध देण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तिथून उठा. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराच्या नावाखाली लाखो रुपये घेऊन वर "ट्रायल चालू आहे" म्हणणाऱ्यांबद्दल मला मनापासून चीड आहे. आजारी मुलांच्या आई-बापांना लुबाडतात हे लोक.

शेवटचा प्रश्न, नाशिकच्या एका दादांचा: "मध्येच सोडलं तर हॉस्पिटल उपचार बंद करेल का?" नाही. कारण न देता कधीही बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार चालूच राहतात. फक्त गोळ्या मनाने बंद करू नका, काही औषधं हळूहळू कमी करावी लागतात. आधी फोन करा. मग उरलेल्या गोळ्या आणि रिकाम्या स्ट्रिपसुद्धा घेऊन या, त्या मोजून परत घेतात. आणि सोडताना एक तपासणी करतात, ती तुमच्यासाठी असते, चुकवू नका.